नवा गडी, नवं राज्य : गेमचे सर्व्हर महिन्याच्या महिन्याला कोरे का केले जातात?

महिन्याचा पहिला गुरुवार. घरातला कॉलेजवयीन मुलगा 'आज वाइप आहे' एवढेच सांगून लवकर जेवून घेतो, हेडफोन चढवतो आणि दार लावून बसतो. भारतात रात्रीचे साडेअकरा वाजतात तेव्हा लंडनमध्ये उन्हाळ्याच्या दिवसांत संध्याकाळचे सात वाजलेले असतात. त्या ठोक्याला 'रस्ट' या गेमची नवी आवृत्ती येते आणि जगभरातले हजारो सर्व्हर एकामागोमाग एक बंद होऊन पुन्हा सुरू होतात. (हिवाळ्यात ब्रिटनची घड्याळे एक तास मागे जातात, तेव्हा आपल्याकडे हीच वेळ रात्री साडेबाराची होते.) सर्व्हर पुन्हा सुरू झाला की महिनाभर खपून बांधलेले कोट, भरलेली कोठारे, शेते, दुकाने यांतले काहीही शिल्लक नसते. बेटसुद्धा बहुधा वेगळेच असते. सगळे खेळाडू पुन्हा किनाऱ्यावर, हातात एक दगड आणि एक मशाल.

बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रकार विचित्र वाटतो. आठवडेच्या आठवडे घालवून जमवलेले पुसून टाकायचे, तेही सर्वांच्या संमतीने आणि आधी तारीख जाहीर करून? पण ज्यांनी ते बांधलेले असते, तेच या दिवसाची सर्वात जास्त वाट पाहतात. सर्व्हर कधी नव्हे इतका भरलेला असतो तो याच रात्री.

वाइप म्हणजे नेमके काय?

तगून राहण्याच्या म्हणजे सर्व्हायव्हल प्रकारच्या गेममध्ये खेळाडू मोकळ्या हाताने जगात उतरतो. लाकूड तोडायचे, दगड फोडायचा, शिकार करायची, निवारा बांधायचा, मग हळूहळू हत्यारे आणि यंत्रे. एकट्याने खेळण्याच्या गेममध्ये आपण खेळायचे थांबवले की जगही थांबते. अनेकांनी मिळून खेळण्याच्या गेममध्ये जग एका सर्व्हरवर असते आणि ते थांबत नाही. खेळाडू झोपला तरी त्याचे घर तिथे उभेच असते, आणि जागा असलेला कोणीही ते फोडू शकतो. 'रस्ट'मध्ये तर खेळातून बाहेर पडलेल्या खेळाडूचे शरीरही घरातच झोपलेल्या अवस्थेत पडून राहते.

या जगाची साठवलेली नोंद काढून टाकून ते पुन्हा पहिल्या दिवसावर आणणे म्हणजे 'वाइप'. मराठी खेळाडूही हाच शब्द वापरतात. ही कल्पना मात्र ग्राफिक्सवाल्या गेमच्याही आधीची आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ यांनी 'मड' हा केवळ मजकुरावर चालणारा, अनेकांनी एकत्र खेळण्याचा गेम लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे वाढवला. त्यातल्या प्रदेशात खजिने विखुरलेले असत. ते वेचून झाले की नव्याने येणाऱ्याला करायला काही उरत नसे. म्हणून त्या जगाचा 'रीसेट' होई. वस्तू मूळ जागी परत जात, पण खेळाडूने मिळवलेले गुण आणि पदवी कायम राही. जग कोरे करायचे, पण माणसाची कमाई किती ठेवायची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. आजचे सगळे वाद त्याच प्रश्नाभोवती फिरतात.

'रस्ट' हा ब्रिटनमधील फेसपंच स्टुडिओजचा गेम. डिसेंबर २०१३ मध्ये तो अपूर्ण अवस्थेतच विक्रीला आला आणि ८ फेब्रुवारी २०१८ रोजी पूर्ण आवृत्ती म्हणून प्रसिद्ध झाला. वाइपचा विषय समजून घ्यायला याच्याइतके चांगले उदाहरण नाही, कारण इथे वाइप ही अडचण सोडवण्याची युक्ती न राहता खेळाचे वेळापत्रकच बनली आहे. मासिक आवृत्तीबरोबर येणारा वाइप सक्तीचा असतो, त्याला 'फोर्स वाइप' म्हणतात. याशिवाय अनेक सर्व्हरमालक आपापल्या मर्जीने पंधरा दिवसांनी, आठवड्याने, काही जण तर आठवड्यातून दोनदा वाइप करतात. सर्व्हरच्या यादीत नावापुढेच शेवटच्या वाइपची तारीख लिहिलेली असते, आणि अनेक खेळाडू सर्व्हर निवडताना आधी तीच बघतात.

एका संख्येतून बेट

वाइप झाला की जग नवे कुठून येते? ते कोणी हाताने रंगवत नाही. 'रस्ट'चा सर्व्हर सुरू करताना मालक दोन आकडे देतो. एक नकाशाचा आकार आणि दुसरा 'सीड', म्हणजे बीज. आकार १००० ते ६००० या दरम्यान असतो आणि तो नकाशाची एक बाजू मीटरमध्ये सांगतो. ४५०० चा नकाशा म्हणजे साडेचार किलोमीटर बाजूचा चौकोन, समुद्र धरून सुमारे वीस चौरस किलोमीटर. सीड ही नुसती एक संख्या असते. तिच्यावर ठरलेली गणिते करत करत प्रोग्राम डोंगर कुठे, नदी कुठे, बर्फ कुठे, रस्ता कुठून, पडका विमानतळ कुठल्या कोपऱ्यात हे ठरवत जातो. गेमची आवृत्ती तीच असेल तर तोच आकार आणि तीच संख्या दिल्यावर दर वेळी तेच बेट उगवते. संख्या बदलली की बेट बदलले.

म्हणूनच सर्व्हरला जमीन 'जपून' ठेवण्याची फारशी गरज नसते. ती पुन्हा काढता येते. जपून ठेवावे लागते ते खेळाडूंनी त्या जमिनीवर केलेले काम. प्रत्येक पाया, भिंत, दार, पेटी, चूल, झोपायची पिशवी आणि पेटीतली प्रत्येक वस्तू. 'रस्ट' हे सारे एका सेव्ह फाइलमध्ये ठरावीक वेळाने उतरवून ठेवतो. खेळाडूंनी शिकलेल्या कृती, म्हणजे 'ब्लूप्रिंट', मात्र वेगळ्या डेटाबेस फाइलमध्ये जातात. या दोन फाइल वेगळ्या असल्यामुळेच दोन प्रकारचे वाइप शक्य होतात. नुसती सेव्ह फाइल काढली तर 'मॅप वाइप'. घरे गेली, पण बंदूक कशी बनवायची हे खेळाडूला अजून माहीत आहे. ब्लूप्रिंटची फाइलही काढली तर 'फुल वाइप'. मग सगळेच अडाणी.

फोर्स वाइप कसा घडतो, याची गंमत फाइलच्या नावात आहे. सेव्ह फाइलच्या नावातच नकाशाचा आकार, सीड आणि सेव्हचा आवृत्ती क्रमांक असतो. नव्या आवृत्तीत तो क्रमांक एकाने वाढवला जातो. सर्व्हर सुरू होताना नव्या क्रमांकाची फाइल शोधतो, ती सापडत नाही, म्हणून तो नवे जग तयार करतो. जुनी फाइल कोणी जाळत नाही की पुसत नाही. ती त्याच फोल्डरमध्ये पडून असते, फक्त तिच्याकडे कोणी बघत नाही. महिनाभराचे साम्राज्य असे एका आकड्याने बेदखल होते.

पण पुसायचे कशासाठी?

पहिले कारण तांत्रिक. गेममध्ये नवे ठिकाण, नवी इमारत, नवा प्राणी घालायचा तर तो नकाशात बसवावा लागतो. आधीच घरांनी भरलेल्या नकाशात नवी खाण टाकायची कुठे? कोणाच्या तरी बेसच्या डोक्यावर? शिवाय वस्तूंची रचना बदलली की जुन्या सेव्हमधली माहिती नव्या प्रोग्रामला नीट वाचता येईलच असे नाही. जुने सेव्ह चालवत राहण्यासाठी दर महिन्याला रूपांतराचे किचकट काम करण्यापेक्षा पाटी कोरी करणे सोपे.

दुसरे कारण ओझ्याचे. सर्व्हरवरील प्रत्येक वस्तू ही त्याच्या लेखी एक स्वतंत्र नोंद असते. खेळाडूंची गर्दी असलेल्या मोठ्या सर्व्हरवर अशा नोंदींची संख्या लाखाच्या घरात जाते. त्या साऱ्यांचा हिशेब ठेवायचा, जवळून जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या संगणकाकडे त्या पाठवायच्या, आणि ठरावीक वेळाने सगळे डिस्कवर उतरवायचे. वाइपला जसजसे दिवस होतात तसतसा सेव्हच्या क्षणी येणारा झटका लांबत जातो, मोठ्या बेसजवळ गेले की चित्र अडखळते. गेममध्ये यावर उतारा म्हणून झीज ठेवलेली आहे. घराच्या मुख्य कपाटात देखभालीचे सामान टाकत राहावे लागते. ते संपले की दगडी भिंत साधारण पाच तासांत आणि पत्र्याची आठ तासांत मोडून पडते. घर जितके मोठे तितका देखभालीचा दरही चढा. २४ तासांसाठी बांधकाम खर्चाच्या १० टक्क्यांपासून सुरू होऊन तो टप्प्याटप्प्याने ३३ टक्क्यांपर्यंत जातो, अगदी प्राप्तिकरासारखा. खेळ सोडून गेलेल्यांची घरे यामुळे आपोआप साफ होतात. पण रोज खेळणारा मोठा गट हा कर सहज भरतो, त्यामुळे ओझे कमी होते ते मुख्यतः लहान माणसाच्या घरांचे.

आणि तिथेच तिसरे, खरे कारण येते. वाइपच्या पहिल्या रात्री सगळे सारखे असतात. दगडाने मारामारी होते, कोणीही कोणाला लुटू शकतो, आणि लुटले गेल्यावर अर्ध्या तासात पुन्हा तेवढे जमवता येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे माणसे जास्त, वेळ जास्त, ते पुढे गेलेले असतात. चांगली हत्यारे असलेला गट उत्तम सामान मिळणारी ठिकाणे ताब्यात ठेवतो, तिथून अधिक चांगली हत्यारे मिळवतो आणि त्यांच्या जोरावर ती ठिकाणे आणखी घट्ट धरून ठेवतो. पैशाकडे पैसा जातो, तसेच. आठवड्याच्या अखेरीस चित्र असे असते, की दहा-पंधरा जणांच्या एखाद्या गटाची डोंगराएवढी गढी उभी आहे, आणि ऑफिसातून संध्याकाळी दोन तास खेळायला येणाऱ्याचे दोन खोल्यांचे घर तो झोपेत असताना फुटले आहे. तो दोनदा पुन्हा बांधतो. तिसऱ्यांदा सर्व्हर सोडतो.

मग एक चमत्कारिक गोष्ट घडते. लुटायला कोणी उरले नाही की जिंकलेल्या गटालाही कंटाळा येतो. स्फोटकांनी पेट्या भरलेल्या, पण शेजारी कोणी नाही. तेही यायचे कमी होतात. वाइपच्या रात्री रांग लावून आत शिरावे लागणारा सर्व्हर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ओस पडतो. बंद पडत चाललेला गाव जसा आधी तरुणांपासून रिकामा होतो, तसा इथे आधी एकेकटे खेळणारे जातात. वाइप हा या साऱ्यावरचा एकच ठोक इलाज आहे. महिन्यातून एकदा सक्तीचे जमीनवाटप, असे त्याला म्हटले तरी चालेल. फरक एवढाच की वाटप झाल्या क्षणापासून जमीन बळकावणे पुन्हा सुरू होते, आणि तीच तर मजा मानली जाते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजायला दिवाळीचा किल्ला पुरे. मुले माती कालवतात, बुरूज रचतात, मावळे मांडतात आणि दिवाळी सरल्यावर किल्ला मोडतात. मागच्या वर्षीचा किल्ला सांभाळून ठेवला असता तर या वर्षी काय बांधले असते?

काय ठेवायचे, काय पुसायचे

जग कोरे करण्यावर फारसा वाद होत नाही. वाद होतो तो ब्लूप्रिंटवर. मॅप वाइपमध्ये त्या टिकतात, त्यामुळे महिनोन्महिने खेळणारा माणूस पहिल्याच तासात चांगली बंदूक तयार करतो. तो म्हणतो, ही माझी कमाई आहे. नवा माणूस म्हणतो, मग सगळे सारख्यावर आलो हे खोटेच की. दोघांचेही बरोबर आहे, म्हणून सर्व्हरमालक त्यातला एक ग्राहक निवडतो. काही सर्व्हर ब्लूप्रिंट कधीच पुसत नाहीत, काही दर फोर्स वाइपला पुसतात. कंपनी मात्र ब्लूप्रिंटची सक्ती दर महिन्याला करत नाही. शिकण्याची पद्धतच बदलणारी मोठी आवृत्ती आली तरच तशी वेळ येते.

काही गोष्टी कोणत्याही वाइपने जात नाहीत. बाजारातून विकत घेतलेली 'स्किन', म्हणजे हत्यारावरची किंवा कपड्यांवरची नक्षी, खेळाडूच्या स्टीम खात्यात असते. सर्व्हरवर काहीही झाले तरी ती राहते. पैसे घेऊन विकलेली वस्तू पुसायची नाही, वेळ घालून मिळवलेली पुसली तरी चालते, हा या धंद्याचा न लिहिलेला नियम आहे. आणि खेळाडूच्या हातात मुरलेले कसब तर कोणीच पुसू शकत नाही. सर्वांच्या हातात एकच दगड असला तरी हजारो तास खेळलेल्याचा दगड पहिल्यांदा लागतो. समान सुरुवात ही सामानाची असते, माणसांची नसते.

'व्हॅलहाइम' या फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या गेममध्ये हा प्रश्न वेगळ्याच पद्धतीने सुटतो, किंवा सुटत नाही असेही म्हणता येईल. तिथे जगाच्या फाइल सर्व्हरवर असतात, पण खेळाडूचे पात्र त्याच्या स्वतःच्या संगणकावर वेगळ्या फाइलमध्ये असते. मित्रांनी ठरवून जग नवे केले तरी कोणीही आपले जुने, कसलेले पात्र चिलखतासकट त्यात घेऊन येऊ शकतो. तिथे खरी नवी सुरुवात हवी असेल तर सर्व्हर कोरा करून भागत नाही. सर्वांनी नवे पात्र घ्यायचे, असा शब्द एकमेकांना द्यावा लागतो.

नियमांची फेरआखणी करण्यासाठीही वाइप वापरला जातो. डिसेंबर २०२० च्या अखेरीस ऑफलाइनटीव्ही या अमेरिकेतील स्ट्रीमर गटाने 'रस्ट'चा एक खासगी सर्व्हर सुरू केला. त्यात इतके नामांकित स्ट्रीमर आले की जुना म्हणावा असा हा गेम एकाएकी सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या गेममध्ये गेला. जानेवारी २०२१ मध्ये स्टीमवर तो एका वेळी खेळणाऱ्यांची संख्या दोन लाखांवर पोहोचली. पण सर्व्हरवर दोन प्रकारचे लोक होते. काहींना लुटालूट आणि लढाई हवी होती, काहींना दुकान थाटून, सोंग घेऊन गोष्ट रंगवायची होती. एकाचे खेळणे म्हणजे दुसऱ्याचे नुकसान. चिडचिड, रुसवेफुगवे सगळे हजारो प्रेक्षकांसमोर झाले. शेवटी गोष्ट रंगवणाऱ्यांसाठी वेगळे नियम असलेला नवा सर्व्हर काढावा लागला. चालत्या जगात नियम बदलले असते तर ज्याचे आधी लुटले गेले त्याने भरपाई मागितली असती. कोऱ्या जगात हा हिशेबच निघत नाही.

सर्व्हर कोरा करताना काय चुकते?

भाड्याने सर्व्हर घेऊन मित्रांसाठी चालवणारे बरेच जण पहिला वाइप चुकवतात. सर्वात नेहमीची चूक म्हणजे सर्व्हर चालू असतानाच सेव्ह फाइल काढून टाकणे. सर्व्हरचे सगळे जग त्या वेळी मेमरीत असते. तो बंद होताना शेवटची नोंद पुन्हा डिस्कवर लिहितो आणि पुसलेले जग जसेच्या तसे परत येते. आधी सर्व्हर नीट बंद करायचा, प्रक्रिया थांबली आहे याची खात्री करायची, मगच फाइलला हात लावायचा. ब्लूप्रिंटच्या डेटाबेसला जोडून कधी कधी त्याच नावाची एक पुरवणी फाइल असते, ज्यात अजून मुख्य फाइलमध्ये न उतरलेल्या नोंदी असतात. मुख्य फाइल काढून पुरवणी तशीच ठेवणेही बरे नव्हे.

दुसरी चूक उलट टोकाची. कटकट नको म्हणून काही जण सर्व्हरचा सगळाच फोल्डर उडवतात. 'रस्ट'मध्ये त्याच फोल्डरच्या आत कॉन्फिगच्या फाइलही असतात. प्रशासक कोण आणि बंदी कोणावर, याच्या याद्या त्यांत असतात. त्या गेल्या की नव्या जगात मालकालाच अधिकार नसतात आणि फसवणुकीसाठी हाकललेला माणूस दाराशी हजर होतो. जग कोरे करायचे असते, स्मरणशक्ती नाही.

तिसरी चूक सीड न बदलण्याची. फोर्स वाइपने सेव्ह आपोआप नवे होते, पण सीड मालकाने दिलेलेच राहते. ते बदलले नाही तर बेट बहुतेक ओळखीचेच निघते, आणि मागच्या महिन्यात ज्या गटाने चांगली जागा हेरली होती तो दोन मिनिटांत तिथे जाऊन बसतो. काही सर्व्हरवर म्हणूनच खेळाडूंपुढे दोन-तीन नकाशे ठेवून मतदान घेतले जाते.

प्लगइन वापरणाऱ्या सर्व्हरवर आणखी एक पदर असतो. 'ऑक्साइड'सारख्या साधनांनी जोडलेली नाणी, गुण, मोफत मिळणारे संच यांची नोंद वेगळ्या फोल्डरमध्ये असते, गेमच्या सेव्हमध्ये नाही. नकाशा नवा आणि बँकेत मागच्या महिन्याचे दोन लाख, असे झाले की पहिल्या तासातच तक्रारी सुरू होतात. शिवाय गुरुवारी गेमची आवृत्ती आली की प्लगइनचा सांगाडाही त्याच रात्री अद्ययावत करावा लागतो, आणि काही प्लगइन हमखास मोडतात. वाइपच्या रात्री खेळाडू जागतात ते हौसेने. सर्व्हरमालक जागतो तो लॉगमधल्या लाल ओळी वाचत.

या साऱ्याच्या आधी करायचे काम म्हणजे फोल्डरची एक प्रत दुसरीकडे ठेवणे. आणि त्याहून आधीचे, तारीख सांगणे. वाइप लोकांना खटकत नाही. न सांगता केलेला वाइप खटकतो. आपला गट हरला म्हणून मालकाने रातोरात सर्व्हर कोरा केला, अशी शंका एकदा आली की ते खेळाडू पुन्हा येत नाहीत. आठवडाभर आधी वार आणि वेळ जाहीर करणे, काय राहणार आणि काय जाणार हे एका ओळीत लिहिणे आणि मग स्वतः कितीही मोह झाला तरी ती वेळ पाळणे, एवढ्यावर लहान सर्व्हरची अब्रू टिकते.

माइनक्राफ्टमध्ये पुसणे जिवावर येते

'माइनक्राफ्ट'चा स्वभाव वेगळा आहे. तिथे लुटण्यापेक्षा बांधण्यावर भर असतो, आणि मित्रांनी दोन वर्षे खपून उभे केलेले शहर पुसणे हे कोणालाही नको असते. तरी नवी सुरुवात करण्याची वेळ येतेच, आणि ती बहुधा गेमची आवृत्ती बदलल्याने येते. कारण जमीन एकदाच तयार होते. खेळाडू जिथे पहिल्यांदा पोहोचतो, तिथला १६ बाय १६ ठोकळ्यांचा 'चंक' त्या क्षणीच्या नियमांनी घडवून फाइलमध्ये ठेवला जातो, आणि पुढे नियम बदलले तरी तो तसाच राहतो. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी आलेल्या १.१८ आवृत्तीने जगाची उंची २५६ ठोकळ्यांवरून ३८४ केली, प्रचंड गुहा आणि उंच पर्वत आणले. पण जुन्या जगात हे सौंदर्य दिसणार कुठे? मुख्यतः ज्या भागात कोणी गेलेच नव्हते, तिथे. मोठ्या सर्व्हरवर तो भाग हजारो ठोकळे दूर असतो.

सगळे पुसायचे असेल तर काम सोपे आहे. सर्व्हर बंद करून जगाचा फोल्डर हलवायचा, सेटिंगच्या फाइलमध्ये हवे ते सीड लिहायचे किंवा जागा रिकामी सोडायची, की नवे जग तयार. खेळाडूंचे सामानही त्याच फोल्डरमध्ये असल्यामुळे तेही जाते. प्रवेशाची यादी, प्रशासक आणि बंदी यांच्या फाइल मात्र बाहेर असतात, त्या टिकतात. 'रस्ट'पेक्षा ही मांडणी नवख्याला जास्त सोयीची.

पण अनुभवी मालक सगळे पुसत नाहीत. ते छाटणी करतात. प्रत्येक चंकमध्ये खेळाडूंनी तिथे किती वेळ घालवला, याची नोंद असते. जिथून कोणी फक्त उडत गेले होते ते चंक 'एमसीए सिलेक्टर'सारख्या साधनाने निवडून काढून टाकता येतात. पुढच्या वेळी तिथे कोणी गेले की ती जमीन नव्या नियमांनी पुन्हा उगवते. शहर जागेवर, रान नवे. दुसरी रीत म्हणजे मुख्य जग तसेच ठेवून फक्त 'नेदर' किंवा 'एंड' ही उपजगे कोरी करणे. तिथे लोक राहायला कमी आणि खणायला जास्त जातात. खाणी संपल्या की त्यांचा फोल्डर काढला, खाणी पुन्हा भरल्या. मात्र तिथे कोणी घर किंवा रेल्वे बांधली आहे का, हे आधी विचारलेले बरे. सर्व्हरवरची मैत्री मोडते ती बहुधा अशा न विचारलेल्या गोष्टींवरून.

२०१२ पासून चालणारा 'हर्मिटक्राफ्ट' हा निवडक यूट्यूबरांचा सर्व्हर पर्वापर्वाने चालतो, आणि प्रत्येक पर्व नव्या जगात सुरू होते. डिसेंबर २०२१ मध्ये आठव्या पर्वाचा शेवट करताना खेळाडूंनी चंद्र मोठा मोठा होत जमिनीवर येऊन आदळतो, अशी गोष्टच रचली. निरोप असाही घेता येतो. संपलेल्या पर्वाचे जग ते प्रेक्षकांना उतरवून घेण्यासाठी खुले करतात, त्यामुळे सर्व्हरवरून गेलेले शहर हजारो लोकांच्या संगणकांवर जिवंत राहते. लहान गटांनीही हे उचलण्यासारखे आहे. जगाच्या फोल्डरची प्रत काढून सर्वांना दिली की ज्याला आठवण येईल तो आपल्या संगणकावर ते उघडून फिरून येतो.

याच्या अगदी उलट '२बी२टी'. डिसेंबर २०१० मध्ये सुरू झालेला हा माइनक्राफ्ट सर्व्हर आजवर एकदाही कोरा केलेला नाही आणि त्याला नियमही नाहीत. त्याचा नकाशा अनेक टेराबाइटचा झाला आहे. नवा खेळाडू जिथे उतरतो त्या भागात वर्षानुवर्षांच्या उद्ध्वस्तीने झाड-गवतही उरलेले नाही. तिथून जिवंत बाहेर पडणे हाच तिथला पहिला डाव. मे २००३ पासून चालणारा 'ईव्ह ऑनलाइन' हा अवकाशातला गेमही कधी पुसला गेला नाही. तिथे नव्याने येणाऱ्याला वीस वर्षांच्या जुन्या मालदारांच्या शेजारी संसार थाटावा लागतो. ज्यांना इतिहास हवा असतो ते अशा ठिकाणी जातात, आणि त्यांना पहिल्या रात्रीची ती धांदल कधीच मिळत नाही.

आगीने केलेला वाइप

१० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएचक्लाउड या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली. त्यात 'रस्ट'चे युरोपातले २५ सर्व्हर होते. त्यांवरील माहिती पूर्ण नष्ट झाली असून ती परत आणता येणार नाही, असे फेसपंचने जाहीर केले.

त्या आगीत इतर अनेक संस्थांची संकेतस्थळे आणि वर्षांची कागदपत्रे गेली. 'रस्ट'च्या खेळाडूंनी हळहळ व्यक्त केली, पण त्यांच्या नुकसानीला एक मर्यादा होती. त्या महिन्याचा फोर्स वाइप ४ मार्चला, म्हणजे आदल्या गुरुवारी झाला होता. जळालेली सर्वात जुनी भिंत जेमतेम सहा दिवसांची होती. शिकलेल्या ब्लूप्रिंट मात्र त्याहून जुन्या असू शकत होत्या, आणि त्या ज्यांच्या गेल्या त्यांना पुढच्या महिन्याची वाट पाहूनही परत मिळणार नव्हत्या.